अठ्ठेचाळिसावा अलार्म

आमच्या घरातला लॅपटॉप ठणठणीत होता, म्हणून मी तो दुरुस्त केला.

हे वाक्य मी आज शांतपणे लिहू शकतो. त्या आठवड्यात जमलं नसतं. त्या आठवड्यात घरात माझ्याशी कुणी बोलत नव्हतं, आणि बायको अधूनमधून जे बोलत होती ते छापण्यासारखं नव्हतं.

आधी माझी चूक कुठून उगवली ते सांगतो. बोईसरच्या एका केमिकल कारखान्यात मी एकतीस वर्षं कंट्रोल रूममध्ये काढली. कंट्रोल रूम म्हणजे समोर भिंतभर पॅनेल आणि त्यावर दिवे. प्लांटमध्ये कुठे काही बिघडलं की दिवा पेटतो आणि भोंगा वाजतो. भोंगा वाजला की आपण बटण दाबून ‘बघितलं’ असं सांगायचं आणि लॉगबुकात तीन रकाने भरायचे: वेळ, अलार्म, कारवाई. कारवाईचा रकाना कोरा ठेवणाऱ्याला आमच्या शिफ्टमध्ये कुणी चहा विचारत नसे. ‘तो नेहमीच वाजतो हो’ असं म्हणणाऱ्या नव्या मुलांना मी मेमो दिलेत. (त्यातला एकजण आज त्याच प्लांटचा मॅनेजर आहे, पण तो विषय वेगळा.)

रिटायर झालो तेव्हा कारखान्यानं मला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. दोन कोरी लॉगबुकं मी माझी मीच घेतली. पालघरच्या आमच्या घरात लॉगबुकात लिहिण्यासारखं काही घडत नाही, तरी मी प्रयत्न सोडला नाही. कुकरच्या शिट्ट्या, पाण्याची टाकी भरायची वेळ, फ्रीजचा घुर्रर्र आवाज, सगळं नोंदवत गेलो. बायको, म्हणजे सुलभा, एकदा म्हणाली, “अहो, तुम्ही रिटायर झालात की माझ्या स्वयंपाकघरात बदली झाली तुमची?” मी तेही लिहून ठेवलं. कारवाईच्या रकान्यात ‘निरीक्षण चालू’ असं लिहिलं.

आता मृणाल. मृणाल आमची एकुलती एक मुलगी. ती ज्या कंपनीत होती तिथला तिचा सगळा विभागच बंद झाला आणि ती घरी आली. दोन महिन्यांत दुसरी नोकरी मिळेल म्हणाली होती, त्याला अकरा महिने झाले. रोज सकाळी आंघोळ करून, केस नीट बांधून, ऑफिसला निघाल्यासारखी ती खिडकीजवळच्या टेबलाशी बसायची आणि अर्ज पाठवायची. पहिल्या पहिल्यांदा ‘बाबा, आज इथे पाठवला’ असं सांगायची. मग सांगणं बंद झालं. नातेवाईकांचा फोन आला की ‘चाललंय’ एवढंच बोलायची आणि फोन आईच्या हातात द्यायची. माझी पोरगी हसणं विसरली होती, आणि मला त्याचा फार त्रास होत होता.

अशात एका कंपनीत तिच्या दोन फेऱ्या पार पडल्या आणि शेवटची मुलाखत ठरली. गुरुवारी सकाळी अकरा वाजता, घरूनच, लॅपटॉपवर. कंपनी कॉम्प्युटर बनवते एवढं मला कळलं होतं. ‘सपोर्टचं काम आहे बाबा’ असं ती म्हणाली होती, पण मी पुढचं ऐकलं नव्हतं. मला तिच्यासाठी काहीतरी करायचं होतं. बापाला असं वाटणं हा काही गुन्हा नाही. गुन्हा पुढे घडला.

सोमवारी सकाळी मृणालनं लॅपटॉप चालू केला तेव्हा मी मागे चहाचा कप घेऊन उभा होतो. लॅपटॉप जुना. त्यावरचं विंडोज जड झालं म्हणून तिनं ते काढून त्या जागी लिनक्स ही फुकट मिळणारी, हलकी प्रणाली टाकली होती, आणि तेव्हापासून तो तरण्याताठ्यासारखा पळत होता. पण त्या दिवशी काळ्या पडद्यावर, चित्र यायच्या आधी, दोन ओळी चमकल्या आणि गायब झाल्या. मी एकतीस वर्षं पॅनेल बघितलेला माणूस. माझ्या नजरेतून ‘एरर’ हा शब्द सुटत नाही.

“मृणाल, काय होतं ते?”

“काय?”

“दोन ओळी आल्या आणि गेल्या. त्यात एरर लिहिलं होतं. बायोस एरर. आणि पुढे बग.”

“हां, ते. ते येतं नेहमी.”

नेहमी! माझ्या रक्ताची मुलगी, आणि ‘येतं नेहमी’ म्हणते.

“नेहमी येतं म्हणजे? किती दिवसांपासून?”

“लिनक्स टाकल्यापासून. बाबा, ते निरुपद्रवी असतं. मशीन बनवताना कंपनी त्याच्या पोटात त्याची माहिती लिहून ठेवते. कुठला भाग कुठे आहे, पंखा कधी फिरवायचा, असं सगळं. त्याला फर्मवेअर म्हणतात, बायोस त्यातलाच. ते घाईत लिहिलेलं असतं, त्यात चुका असतात. लिनक्स ते वाचतं, चूक दिसली की पुटपुटतं, आणि आपल्या पद्धतीनं पुढे जातं.”

“पुटपुटतं?”

“तुम्ही पेपर वाचताना करता ना, तसं.”

मी पेपर वाचताना पुटपुटतो ते देश बिघडलाय म्हणून. म्हणजे लॅपटॉप बिघडलाय. मला हे तर्कशास्त्र बिनतोड वाटलं. मी तिथून हललोच नाही, तेव्हा वैतागून तिनं एका चिठ्ठीवर एक आज्ञा लिहून दिली. “ही टाइप केलीत की सुरू झाल्यापासूनच्या सगळ्या नोंदी दिसतील. वाचा आणि खात्री करून घ्या. फक्त काही बदलू नका.”

काही लोक मुलांच्या हाती माचिस देत नाहीत. मृणालनं बापाच्या हाती लॉग दिला.

ती दुपारी जेवून आडवी झाली तेव्हा मी टेबलाशी बसलो. आज्ञा टाइप केली. हजारभर ओळी आल्या. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला वेळ, तीही सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत. अहो, काय सांगू, मला भरून आलं. इतकं शिस्तीचं लॉगबुक मी कारखान्यातसुद्धा पाहिलं नव्हतं. आणि त्या शिस्तीच्या लॉगबुकात जागोजागी पिवळ्या आणि लाल ओळी. पहिला अलार्म तर लॅपटॉप चालू झाल्यापासून शून्य पॉइंट शून्य शून्य चार सेकंदांत! आमच्या प्लांटला इतक्या लवकर अलार्म आला असता तर मी गेटबाहेर पळालो असतो.

मी कोरं लॉगबुक काढलं, पट्टीनं तीन रकाने आखले आणि लिहायला बसलो. बायोसमध्ये चूक. फर्मवेअरमध्ये बग. अमुक नाव सापडत नाही. तमुक पत्ता जुळत नाही. एका ठिकाणी तर लिहिलं होतं की वायफायच्या नियमांची फाइल उघडता आली नाही. म्हणजे आमचा वायफाय इतके दिवस नियमाशिवाय चालू होता. मी उठून आधी दाराची कडी लावली.

पण खरा धक्का त्याच्या खाली होता. वायफायचं फर्मवेअर क्रमांक सत्त्याहत्तर, मिळालं नाही. शहात्तर, मिळालं नाही. पंचाहत्तर, नाही. चौऱ्याहत्तर, नाही. त्र्याहत्तर, नाही. एकामागून एक पाच भाग गायब. मी लॅपटॉप उलटा केला आणि स्क्रू मोजले. एक स्क्रू नव्हता! आता संशयाला जागा उरली नाही. (तो स्क्रू मी मागच्या वर्षी पंखा साफ करताना हरवला होता, हे सुलभानं नंतर सगळ्यांसमोर सांगितलं.)

संध्याकाळी मी मृणालला पाच बेपत्ता भागांबद्दल विचारलं. तिनं डोळे मिटून एक श्वास घेतला.

“बाबा, तुम्ही दुकानात जाता. आधी नवीन मॉडेल मागता. नाही म्हणाला की त्याच्या आधीचं मागता. शेवटी मिळतं ते घेता. लिनक्सनं तेच केलं. बहात्तर मिळालं, ते घेतलं आणि वायफाय चालू झालं. बहात्तरच्या पुढे काय लिहिलंय?”

मी लॉगबुक पाहिलं. बहात्तरच्या पुढे ‘लोड झाले’ असं होतं. ती ओळ पांढरी होती, म्हणून मी घेतली नव्हती.

“मग बाकीचे पाच?”

“बाबा, मला गुरुवारची तयारी करायची आहे. मला फक्त गुरुवारपर्यंत सोडा.”

तिचा आवाज चिरकला. मी लॉगबुक मिटलं. पण माझं मन गप्प बसेना. गुरुवारी अकरा वाजता, ऐन मुलाखतीत, हा लॅपटॉप ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, तर? अकरा महिन्यांनी आलेली संधी, आणि बापाला सगळं दिसत असताना त्यानं काही केलं नाही, असं व्हायला नको होतं.

मंगळवारी मुरबे गावची आमची नेहमीची कोळीण जयवंती मासळी घेऊन दारात आली. सुलभा बोंबील निवडत होती. मी लॉगबुक घेऊन दाराशी बसलो होतो आणि तोंड इतकं पडलेलं होतं की जयवंतीनं टोपली खाली ठेवून विचारलं, “काय झालं भाऊ? कोन आजारी हाय का?”

“लॅपटॉप. सत्तेचाळीस अलार्म आहेत त्याला.”

“बंद पडलाय?”

“नाही. चालू आहे.”

“हलू चालतो?”

“नाही. छान चालतो.”

जयवंतीनं सुलभाकडे पाहिलं. सुलभानं बोंबलांकडे पाहिलं.

“भाऊ, आमच्या बोटीवर पन इंजिनाजवळ लाल बत्ती हाय. तीन वर्सं पेटलेली हाय. आमी रोज जातो, रोज येतो. मालक बोलतो, ती विझंल त्या दिवशी घाबरायचं.”

मी तिला वीस मिनिटं अलार्मचं शास्त्र समजावलं. तिनं ऐकून घेतलं, टोपली उचलली आणि जाताना सुलभाला म्हणाली, “वयनी, यांना जरा वाऱ्यावर बसवा.”

घरात कुणी माझं ऐकत नाही म्हटल्यावर मी चुरीला फोन लावला. चुरी माझा कंट्रोल रूमचा जोडीदार. मी पॅनेलवर आणि तो बाहेर फील्डवर, अशी आमची वीस वर्षांची जोडी. आता तो तारापूरच्या बाजूला आपल्या वाडीत चिकू सांभाळतो, पण अलार्म म्हटलं की चिकू तिथेच सोडून येतो. मी फोनवर सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस नोंदी वाचून दाखवल्या. त्यानं मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी एक मोठा सुस्कारा ऐकू आला.

“वसंता, इतक्या अलार्मवर आपण प्लांट चालवला असता का?”

“नसता.”

“मग? शटडाऊन घे.”

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी समजून घेतलं असं वाटलं. माझे डोळे पाणावले, हे खोटं सांगत नाही.

नोंदींमध्ये एक ओळ अशी होती की तिच्यात चक्क ‘प्लीज अपडेट’ लिहिलेलं होतं. इतक्या नम्रपणे मशीन विनंती करतंय आणि आपण दुर्लक्ष करायचं? मी कंपनीच्या साइटवरून त्या मॉडेलचं नवीन फर्मवेअर शोधलं, पेनड्राइव्हवर घेतलं आणि कृती कागदावर क्रमवार लिहून काढली. बुधवारी दुपारी मृणाल मुलाखतीचा कुर्ता आल्टर करून आणायला बोईसरला मैत्रिणीकडे जाणार होती. दोन ते चार. आमचा प्लॅन्ड शटडाऊन ठरला.

बुधवारी दोन वाजता चुरी आला. सोबत टॉर्च, टेस्टर, आणि कारखान्यातलं लाल कुलूप, पाटीसकट. (निरोपाच्या दिवशी मी लॉगबुकं घेतली, त्यानं कुलूप घेतलं. ज्याची त्याची आठवण.) तो आत येताच म्हणाला, “वर्क परमिट?”

परमिटशिवाय काम नाही, हा आमचा धर्म. मी कागदावर परमिट तयार केलं. कामाचं स्वरूप, लॅपटॉपचे फर्मवेअर अपडेट. एरिया इनचार्ज म्हणून सुलभाची सही हवी होती. ती कणीक मळत होती. तिला वाटलं कुरिअर आलं. तिनं कोपरानं चष्मा वर केला, पिठाच्या बोटांनी सही केली आणि विचारलं, “काय आलंय?”

“काही नाही,” मी म्हणालो. ते तेव्हा खरं होतं.

मी पॅनेलवर बसलो, म्हणजे लॅपटॉपसमोर. चुरी फील्डवर, म्हणजे पॅसेजमध्ये मीटर आणि मेन स्विचखाली उभा राहिला. पेनड्राइव्ह लावला, कागदाप्रमाणे एकेक पाऊल टाकलं, आणि पडद्यावर एक पट्टी सरकायला लागली. दहा टक्के. वीस टक्के. काय तो सुंदर देखावा. मला शिफ्टची आठवण आली. पट्टीच्या खाली मोठ्या अक्षरात एक सूचना होती: काम पूर्ण होईपर्यंत वीजपुरवठा बंद करू नका. नवीन सूचना म्हणजे नवीन नोंद. मी लॉगबुक ओढलं, वेळ टाकली आणि अठ्ठेचाळिसावा अलार्म म्हणून ती सूचना लिहून घ्यायला लागलो.

बाहेरून चुरीचा आवाज आला. “वसंता, काम चालू झालं का?”

“झालं. त्रेचाळीस टक्के.”

“सप्लाय आयसोलेट केलाय का?”

आता हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागेल. कारखान्यात कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी त्याचा वीजपुरवठा तोडायचा, स्विचला कुलूप घालायचं आणि वर पाटी लावायची: ‘काम चालू आहे’. त्यामुळेच आज माझी दहाही बोटं जागेवर आहेत. हा प्रश्न मी चुरीच्या तोंडून हजारो वेळा ऐकला होता आणि हजारो वेळा एकच उत्तर दिलं होतं. लिहिता लिहिता, मान वर न करता, मी तेच दिलं.

“नाही केला. करून टाक.”

मी ‘बंद करू नका’ मधला ‘नका’ लिहीत होतो तेव्हा डोक्यावरचा पंखा थांबला.

लॅपटॉपची बॅटरी नावालाच होती, वायर निघाली की तो शिंक येईपर्यंतसुद्धा टिकत नसे. पडदा काळा झाला. पट्टी गेली, त्रेचाळीस टक्के गेले. पॅसेजमधून कुलूप बसल्याचा खटकन आवाज आला, मग चुरी हात झटकत आत आला आणि समाधानानं म्हणाला, “आयसोलेटेड. आता निर्धास्त कर काम.”

सत्तेचाळीस बिनकामाच्या सूचनांवर मी तीन दिवस डोकं फोडलं होतं. एकच सूचना खरी होती, आणि ती मी वळणदार अक्षरात उतरवून घेतली होती.

कुलूप काढून मेन चालू केलं. लॅपटॉपचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. दाबून धरलं. वायर काढली, लावली. पेनड्राइव्ह काढला, लावला. त्या दोन ओळीसुद्धा येईनात. त्या क्षणी बायोस एरर बघायला मी काय वाटेल ते दिलं असतं. चुरीनं खाली वाकून काळ्या पडद्यावर टॉर्चचा झोत टाकला.

“अलार्म मात्र सगळे गेले,” तो म्हणाला.

मग त्याला वाडीला पाणी लावायचं आठवलं. काम अपुरं सोडून निघताना मेन बंद करून कुलूप घालायची सवय त्याला पंचवीस वर्षांची. जाता जाता त्यानं ती सवय पाळली. मेन बंद, कुलूप बंद, पाटी लावलेली, चावी खिशात, आणि त्याचा मोबाइल आमच्या टीव्हीजवळ विसरलेला! हे मला तो गेल्यावर कळलं, जेव्हा पंखा पुन्हा थांबला आणि आतून सुलभा म्हणाली, “अहो, फ्रीज बंद झाला. बोंबील आहेत त्यात.”

चार वाजता मृणाल आली. हातात कुर्त्याची पिशवी होती. तिनं मला पाहिलं, लॅपटॉप पाहिला, उघडं लॉगबुक पाहिलं, भिंतीवर मीटरखाली लटकलेली ‘काम चालू आहे’ ही पाटी पाहिली.

“बाबा, काय केलंत?”

मी सांगितलं. कंट्रोल रूममध्ये अपघाताचा अहवाल देतात तसं, वेळेसकट सांगितलं. मला वाटलं ती ओरडेल. तिनं ओरडायला हवं होतं. ती खुर्चीत बसली, लॉगबुक मांडीवर घेतलं आणि पहिल्या नोंदीपासून शांतपणे वाचत गेली. मध्येच तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं आणि तिनं ते कुर्त्याच्या पिशवीनं पुसलं. मी एकतीस वर्षांत मोठी मोठी लफडी पाहिली, पण त्या पानं उलटायच्या आवाजाइतकी भीती मला कशाची वाटली नाही.

“सत्तेचाळीस,” ती शेवटी म्हणाली. “एकाचंही काही करायची गरज नव्हती. उद्या दाखवायचं सगळं काम यात आहे बाबा. तिसरी फेरी आहे. मी त्यांना काय सांगू?”

मी स्कूटर काढली आणि चावी आणायला तारापूरकडे निघालो, कारण घरात तेवढं एकच काम मला करू द्यायला कुणाची हरकत नव्हती. वाटेत सगळा वेळ मी स्वतःला शिव्या घालत होतो. पोरगी अकरा महिने एका काठावर उभी होती, आणि मदतीला धावलेल्या बापानं तिला ढकललं होतं. चुरी चिकूच्या झाडाखाली नळी धरून उभा होता. मला पाहून म्हणाला, “चालू झाला?” मी चावीसाठी नुसता हात पुढे केला.

गुरुवारी साडेदहाला सुलभानं घराचा ताबा घेतला. मृणालचा मोबाइल रव्याच्या डब्याला टेकवून उभा केला. मागे भिंतीवर चादर लावली. मला म्हणाली, “तुम्ही बाहेर जिन्यावर बसा. बेलला हात लावायचा नाही, बटणाला हात लावायचा नाही, कुणी आलं तर खुणेनं परत पाठवायचं.” मी जिन्यावर बसलो. हातात लॉगबुकही नव्हतं, ते मृणालनं आत ठेवून घेतलं होतं.

अकरा वाजून गेले. दारातून शब्द कळत नव्हते, नुसते आवाज यायचे. मृणाल बोलायची, मग फोनमधला एक बाईचा आवाज, मग पुन्हा मृणाल. मग अचानक फोनमधून हसण्याचा आवाज आला, दोघातिघांचा. संपलं, म्हटलं. मोबाइलवर, चादरीपुढे, रव्याच्या डब्याला टेकून मुलाखत देणाऱ्या मुलीला हसतायत. वीस मिनिटांची मुलाखत पाऊण तास चालली आणि लोक हसतच होते. वरच्या मजल्यावरचे पाटीलकाका भाजी घेऊन आले, त्यांना मी खुणेनं परत पाठवलं. (ते तिथेच राहतात, हे माझ्या लक्षात राहिलं नाही.)

बारा वाजता दार उघडलं. मृणाल दारात उभी होती. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. मी उठून उभा राहिलो आणि तोंडातून एवढंच निघालं, “बाळा, मला माफ कर.”

“सोमवारी कळवतील,” ती म्हणाली आणि आत गेली. ते चार दिवस मी कुठल्याही बटणाला हात लावला नाही. पंखासुद्धा सुलभाला विचारून लावत होतो.

सोमवारी फोन आला. नोकरी मिळाली. सुलभा रडली, मृणाल रडली, मी बाथरूममध्ये जाऊन रडलो. लॅपटॉप बोईसरच्या एका दुरुस्तीवाल्यानं आतली चिप नव्यानं लिहून चालू करून दिला. घरी आणून बटण दाबलं तर काळ्या पडद्यावर त्याच दोन ओळी, जशाच्या तशा. मी हात जोडले.

दोन-तीन दिवसांनी जरा धीर करून मी मृणालला विचारलं, “त्या दिवशी ते हसत कशाला होते गं?”

“बाबा, त्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर लिनक्स असतं. लोक त्या ओळी बघून घाबरतात, फोटो काढून पाठवतात, कुणी मशीन उघडतं, कुणी स्क्रू मोजतं. त्यांना समजावणं आणि त्यांना काही करू न देणं, हे माझं काम. मी मोबाइलवर का आहे असं त्यांनी विचारलं, मी सांगितलं. मग ते म्हणाले, ते लॉगबुकच वाचून दाखवा, आणि प्रत्येक नोंदीला तुम्ही त्या माणसाला काय उत्तर द्याल ते सांगा. मी सगळ्या सत्तेचाळीस सांगितल्या.”

“आणि अठ्ठेचाळिसावी?”

“त्याला बरेच हसले.”

मी मान खाली घातली. “अजून काय विचारलं?”

“शेवटी त्या मॅडमनी विचारलं, अशा माणसांना सांभाळायचा किती वर्षांचा अनुभव आहे?”

“मग?”

“खरं ते सांगितलं. सव्वीस वर्षांचा.”

मृणालला गेल्या महिन्यात सव्वीस वर्षं पूर्ण झाली.